मोटारीतला नवा मुकादम



आम्ही चळवळीतली माणसे. शाळेत थोडे आणि गेटसभांत व वाचनालयांत पुष्कळ शिकलो. मोटारीतल्या संगणकावर आम्ही काय बोलणार, असे कोणाला वाटेल. पण ज्या यंत्रावर मिस्त्र्यांची भाकरी अवलंबून आहे, ते समजून घेणे आम्ही आमचेच काम मानतो.

असे पाहा. जुन्या मोटारीत पेडल दाबले की तार ओढली जाई आणि कार्बोरेटरची झडप उघडे. तो सरळ हुकूम होता. आजच्या मोटारीत पेडल दाबणे हे मागणीपत्र झाले आहे. पेडलाजवळचा सेन्सर ते संगणकाकडे पोचवतो आणि झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. मागणीपत्रे आम्हीही पुष्कळ लिहिली. इतक्या झटपट निकाल मात्र कधी लागला नाही!

चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करीत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीपूर्वी हा मुकादम हजेरी घेतो. हवा किती आली? ती किती गरम? क्रँक कोठवर फिरला? मग एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, या हिशेबाने तो पेट्रोल सोडतो. धुराच्या नळीतला सेन्सर उरलेल्या प्राणवायूवरून हिशेब चुकला की जमला ते कळवतो आणि पुढचे माप सुधारले जाते. इंजिन ठोकू लागले, तर ठिणगी किंचित उशिरा पाडतो. हेच काम पूर्वी मिस्त्री कानाने ओळखून हाताने करी.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीत आणखी एक गंमत आहे. गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. तेलाचा दाब विजेच्या झडपांनी कमीजास्त करून हे साधतात. त्या क्षणी इंजिनाने पुरा जोर लावला तर धक्का बसेल, क्लच झिजेल. म्हणून गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या संगणकाला कळवतो, ‘क्षणभर जोर आवर.’ इंजिन ठिणगी मागे घेते, गिअर पडतो, जोर परत येतो. दोघांचे हे बोलणे दोन तारांवरून चालते; ती पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. गिरणीत सूतखाते आणि साचेखाते यांचा मेळ असावा लागे, तसाच हा मेळ.

मग मिस्त्री निकामी झाला काय? मुळीच नाही. समजा दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा संकेत आला. अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि संगणकाने ते वाढवून पाहिले तरी भागत नाही. नळी फाटून चोरटी हवा शिरते, पंप थकला, की हवा मोजणारा सेन्सर मळला, हे संकेत सांगत नाही. ते शोधणार माणूसच. संगणक लक्षण सांगतो, निदान मिस्त्री करतो.

खरा प्रश्न पुढेच आहे. स्कॅनर, नकाशे आणि माहिती मिस्त्रीला मिळणार की नाही? अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून स्कॅनर जोडण्याची खाच सर्व मोटारींत एकसारखी झाली. आपल्याकडे सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण तक्रार काल्पनिक नव्हती, हे त्यावरून दिसते.

कंपन्या म्हणतात, कुलूप नसेल तर चोर फावतील आणि धुराचे नियम कोणीही मोडील. या म्हणण्यात तथ्य आहे. चोरी रोखणारे कुलूप जरूर असावे. पण दुरुस्तीचे ज्ञान त्याच कुलपात कोंडले, तर कोपऱ्यावरचे गॅरेज बंद पडेल आणि मोटारमालकाला एकाच दारी, सांगतील त्या दराने उभे राहावे लागेल.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. वाजवी किमतीत साधने द्या, माहिती मराठीतून द्या आणि गॅरेजात राबणाऱ्या पोरांना संध्याकाळच्या वर्गांतून ती शिकवा. ज्याच्या हाती पाना आहे, त्याला या नव्या मुकादमाची भाषा आलीच पाहिजे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.