हजेरीपटातली रिकामी चौकट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तेव्हापासून शाळा वाढल्या, कॉलेजं वाढली, गावोगावी रस्ते झाले. आता बारावीनंतर पोरगी कॉलेजात गेली याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल नाही, पण काळजीची एक गोष्ट आहे, आणि समितीने "नवीन तंत्रज्ञानावर काहीतरी बोल" म्हटल्यावर मला तीच सुचली. कॉलेजात नाव घातलेली मुलं मधेच गळतात. ती गळण्याआधी आपल्याला कळू शकतं का, आणि कळलं तर आपण काय करायचं, एवढंच मी बोलणार आहे.

या मेळाव्यासाठी आपण सगळ्यांचे नंबर शोधले. शोधताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. दहावी नापास होऊन शाळा सुटलेल्यांची नावं आपल्याला आठवत होती. पण बीए, बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाला थांबले, त्यांचं नेमकं काय झालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "जात होती बाप्पा गोंदियाले, मंग बंद झाली." एवढंच.

शाळेत असं होत नव्हतं. दोन दिवस कुणी आलं नाही की सर त्याच्या गावच्या पोराला विचारायचे. तिसऱ्या दिवशी निरोप जायचा आणि चौथ्या दिवशी सायकल. हजेरीपटातली रिकामी चौकट हीच सूचना होती आणि ती वाचणारा माणूस समोर होता. कॉलेजात शंभर-सव्वाशेचा वर्ग असतो, दर तासाला वेगळे प्राध्यापक असतात. चौकट रिकामी राहते, पण ती वाचणारा कुणी नसतो.

जगभर कॉलेजांनी यावर जो उपाय काढला आहे त्याला 'अर्ली वॉर्निंग सिस्टिम' म्हणतात. पूर्वसूचना यंत्रणा म्हणू. आपल्याला ती कल्पना नवीन नाही. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात संजय सरोवराचं पाणी सोडलं की वैनगंगेच्या काठच्या गावांना निरोप येतो. पाणी वर वाढलं आहे, म्हणजे काही तासांनी ते खाली येणार. विद्यार्थ्याचंही तसंच आहे. कॉलेज सोडायचा निर्णय एका दिवसात होत नाही. आधी हजेरी कमी होते, मग एखादा पेपर राहतो, मग फॉर्म भरायचा राहतो. या खुणा एकत्र करून ज्याला मदतीची गरज आहे त्याचं नाव वेळेत पुढे आणायचं, हे त्या यंत्रणेचं काम.

अमेरिकेत अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं उदाहरण सगळे देतात. तिथे गरीब घरची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं पुष्कळ. २००३ मध्ये तिथे शंभरातली साधारण ३२ मुलं सहा वर्षांत पदवी पूर्ण करत होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते प्रमाण ५४ वर गेलं. २०१२ पासून त्यांनी मागच्या दहा वर्षांचे निकाल संगणकात घालून ८०० हून अधिक धोक्याच्या खुणा ठरवल्या. उदाहरणार्थ, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात एखादा काठावर पास झाला, तर तो पास असला तरी त्याला बोलावून घ्यायचं, कारण पुढचे पेपर त्याच पायावर उभे असतात.

पण संगणकाबरोबर त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या, आणि त्या सांगायला लोक विसरतात. आधी एका सल्लागारामागे ७०० मुलं होती. त्यांनी माणसं नेमली आणि ते प्रमाण ३०० च्या आसपास आणलं. दुसरं, थोड्या फीसाठी ज्यांचं नाव कमी होणार होतं, त्यांना छोट्या मदतीची योजना २०११ पासून सुरू केली. एवढ्याशा पैशासाठी पदवी अडत होती. म्हणजे निरोप, निरोप घेऊन जाणारा माणूस आणि हातात दोन पैसे, तिन्ही एकत्र होते. पुराचा निरोप आला आणि गावात नाव नसली, तर त्या निरोपाचं काय करणार?

मी याच धंद्यातली आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. पर्ड्यू विद्यापीठाने २००७ च्या सुमारास विद्यार्थ्यांना लाल, पिवळा, हिरवा असा सिग्नल दाखवणारी पद्धत आणली. ज्यांनी असे दोन किंवा जास्त विषय घेतले, ती मुलं जास्त टिकली, असा दावा झाला. २०१३ मध्ये अभ्यासकांनी त्यातली खोट दाखवली. जो मुलगा जास्त काळ कॉलेजात राहिला, त्याच्या वाट्याला असे विषय जास्त येणारच. सिग्नलऐवजी चॉकलेट वाटली असती तरी "जास्त चॉकलेट खाणारे जास्त टिकतात" असंच दिसलं असतं. विस्कॉन्सिन राज्याच्या शाळांमध्ये २०१२ पासून अशीच यंत्रणा होती. २०२३ मध्ये पत्रकारांनी तपासलं, तेव्हा ज्यांच्याबद्दल "हा वेळेत पूर्ण करणार नाही" असं यंत्रणा म्हणाली, त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांबाबत ती चुकली होती. खोट्या धोक्याचे इशारे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांच्या वाट्याला जास्त आले होते. आणि मेरीलँडमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी २०१५ मध्ये नव्या मुलांची प्रश्नावली भरून घेऊन, टिकणार नाहीत अशांना सुरुवातीलाच बाहेर काढायचा बेत केला, म्हणजे टिकण्याची टक्केवारी सुधारलेली दिसेल. यादी एकच असते. तिचा उपयोग हात द्यायला होतो आणि बाहेर काढायलाही होतो.

साधा हिशोब करू. समजा वर्गात १०० मुलं आहेत आणि त्यातली १५ सोडणार आहेत. यंत्रणेने त्यातली १२ बरोबर ओळखली आणि २० जणांची नावं चुकून काढली. यादीत ३२ नावं झाली, त्यातली २० चुकीची. या ३२ जणांना "तू नापास होणार" असं सांगितलं, तर २० पोरांचं नुकसान केलं. पण ३२ जणांना "काही अडचण आहे का?" एवढंच विचारलं, तर २० जणांचं काहीच बिघडलं नाही आणि १२ जणांना कुणीतरी विचारलं. म्हणून यादी किती अचूक आहे यापेक्षा यादी हातात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे जास्त महत्त्वाचं.

आता आपल्याकडे येऊ. अटलांटाची यंत्रणा उचलून आमगाव-सालेकसाला आणली, तर ती जुलैमध्येच कोलमडेल. कॉलेज सुरू होतं आणि त्याच वेळी रोवणी लागते. अर्धा वर्ग बांधीत असतो. संगणक म्हणेल, सगळेच धोक्यात. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम, तेव्हाही तो असाच घाबरेल. इथे राहणाऱ्या माणसाला कळतं की रोवणीत गैरहजर असणं ही धोक्याची खूण नाही. रोवणी संपून पोळा झाला आणि तरीही ती परत आली नाही, ही खूण आहे.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अंगदुखीचा झटका आला की मुलगा आठ-आठ दिवस उठत नाही. हजेरीपटात तो आणि टवाळक्या करणारा सारखेच दिसतात. म्हणून "किती दिवस आला नाही" या रकान्याशेजारी "का आला नाही" हा रकाना हवा, आणि तो फक्त माणूसच भरू शकतो.

आणखी एक गोष्ट बघा. शाळेतल्या मुलाभोवती आपण बरीच कुंपणं उभी केली आहेत. आठवीपर्यंत दुपारचं जेवण आणि पुस्तकं. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हक्क कायदा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास. राज्यात २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं, गावोगावी शाळाबाह्य मुलं शोधली. अठरा वर्षांची झाली की ही कुंपणं एकेक करून संपतात. कॉलेज सोडलेल्या मुलीला शोधायला कुणी येत नाही, कारण ती कुठल्याच सर्वेक्षणात 'शाळाबाह्य' नसते.

योजना नाहीत असं नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरलेल्या प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. पण अर्जाचं नूतनीकरण राहिलं, बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं, उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, की पैसे अडतात. आणि पैसे अडले की नेमका परीक्षा फॉर्म राहतो.

सॉफ्टवेअरवाली म्हणून मला जे दिसतं ते असं. हजेरी प्राध्यापकाच्या वहीत असते. फी आणि परीक्षा फॉर्म ऑफिसात. शिष्यवृत्ती पोर्टलवर. पास काढला की नाही ते फक्त सोबतच्या मैत्रिणीला माहीत. चार ठिकाणी चार खुणा, आणि त्या कधी एकमेकींना भेटत नाहीत. त्यांची भेट घालून द्यायला फार मोठं गणित लागत नाही. पाच प्रश्न पुरतात. पोळ्यानंतर नियमित येते का? पास काढला का? शिष्यवृत्तीचं नूतनीकरण झालं का? परीक्षा फॉर्म भरला का? पहिल्या सेमिस्टरला किती विषय राहिले? पाचांपैकी दोन ठिकाणी "नाही" आलं, किंवा दोनपेक्षा जास्त विषय राहिले, की फोन करायचा.

समितीने मला यासाठी अ‍ॅप बनवायला सांगितलं होतं. मी म्हणते, यंदा अ‍ॅप नको. यंदा एक वही आणि दहा माणसं द्या. आपल्या शाळेतून बारावी होऊन कॉलेजात गेलेली मुलं कोण, हे शाळेला माहीत आहे. आपल्यातल्या एकेकाने पाच-सहा मुलं वाटून घ्यायची आणि वर्षातून चार फोन करायचे: प्रवेशानंतर, पोळ्यानंतर, परीक्षा फॉर्मच्या वेळी आणि पहिल्या निकालानंतर. शक्य तिथे मुलींना ताईंनीच फोन करायचा.

त्याचे काही नियम आधीच ठरवू. विद्यार्थ्याची संमती घेतल्याशिवाय यादीत नाव नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमतीही लागेल, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही हेच सांगतो. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडचणीचा फोन आधी मुलीला, घरी नंतर, तोही तिला विचारून. "तुमची मुलगी कॉलेजात येत नाही" एवढं एक वाक्य बापाच्या कानावर पडलं, तर काही घरांत पुढच्या आठवड्यात पाहुणे येतात. ज्या निरोपाने तिला थांबवायचं, त्यानेच तिचं कॉलेज बंद होऊ नये.

दुसरी मागणी पैशाची आहे. गुणवंतांच्या सत्काराचा निधी आपण दरवर्षी जमवतो. तो राहू द्या, पोरांच्या पाठीवर थाप हवीच. पण ज्याला ९० टक्के मिळाले तो आपल्या सत्काराशिवायही पुढे जाणार आहे. त्या निधीतला अर्धा भाग 'अडीनडीचा निधी' म्हणून वेगळा काढावा, असा माझा प्रस्ताव आहे. परीक्षा फी, तीन महिन्यांचा पास, एका महिन्याचं खोलीभाडं, एवढ्यासाठीच. जास्तीत जास्त तीन हजार रुपये. तीन जणांची समिती, त्यात किमान एक बाई, आणि निर्णय तीन दिवसांत. कुणाला मदत दिली ते नाव स्टेजवरून वाचलं जाणार नाही आणि स्मरणिकेतही छापलं जाणार नाही.

वर्षाच्या शेवटी हिशोब मांडताना पर्ड्यूची चॉकलेटं आठवायची. ज्यांनी आपला फोन उचलला त्यांचीच टक्केवारी काढून टाळ्या घ्यायच्या नाहीत. यादीतली सगळी नावं मोजायची, फोन न उचलणारी आधी. कोण दुसऱ्या वर्षाला गेलं, कोण नाही, आणि नाही तर का. ते "का" तीन वर्षं नीट लिहून ठेवलं, की मग मी अ‍ॅप बनवून देईन, फुकट. कारण तेव्हा त्यात घालायला आपल्या जिल्ह्याची माहिती असेल.

सर, मॅडम, तुम्ही ज्यांना सायकलवर जाऊन परत आणलं, त्यातले काही आज या मंडपात बसले आहेत. त्यांची नावं मी घेत नाही. फोन करायला तयार असलेल्यांनी जेवणाच्या मंडपाशेजारच्या टेबलावर नाव लिहावं. वही मी आणली आहे, पहिल्या पानावर दहा ओळी आखल्या आहेत. जेवण थंड व्हायच्या आत त्या भराव्यात, ही विनंती.