तज्ज्ञाच्या शब्दाला वजन कशाने येते?



शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे अभियंते, वैद्य, संगणकतज्ज्ञ होतात. ‘म्हणणे बरोबर असूनही वरिष्ठ ऐकत नाहीत’, ही त्यांच्यापैकी पुष्कळांची खंत असते. ज्ञान असणे आणि त्या ज्ञानाला निर्णयात स्थान मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हैसूरचे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून 1883 साली ते अभियंते झाले आणि पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नीरा कालव्यावर उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून पिकांची फेरपालट करणारी गटपद्धती त्यांनी सुचविली, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. उसाचा पैसा कोण सोडणार? तेच पाणी अधिक गावांना पुरेल आणि जमीन चिबड होणार नाही, हे पटविल्याशिवाय नुसत्या गणिताचा उपयोग नव्हता.

1909 मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कन्नंबाडीजवळ कावेरीवर धरण बांधण्याच्या योजनेचा खर्च संस्थानच्या तिजोरीला जड होता. विश्वेश्वरय्यांनी पाण्याचा प्रश्न उत्पन्नाशी जोडून दाखविला. शिवनसमुद्रची वीज 1902 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. नदी आटली की तिची शाश्वती उरत नसे. धरणामुळे वीज टिकणार होती आणि शेतीही भिजणार होती. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने साठ्याला हरकत घेतली. तेव्हा आरंभी कमी उंचीचे काम, पण पाया पूर्ण उंची पेलणारा, असा मार्ग निघाला. 1911 मध्ये बांधकाम सुरू झाले. वाद मिटून करार व्हायला 1924 साल उजाडले.

या यशाची किंमतही होती. जुने कन्नंबाडी आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली. ज्यांची घरे बुडाली, त्यांच्या हिशेबात धरणाचा अर्थ निराळाच होता.

1912 मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण झाले. मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा गुणवत्तेचा आग्रह धरून त्यांनी विरोध केला. महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी 1918 मध्ये न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली, आणि त्याच वर्षी विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले. पाण्याचे माप जाणणाऱ्याचा शब्द न्यायाच्या प्रश्नात अखेरचा ठरला नाही, आणि ठरायलाही नको होता.

म्हणून तज्ज्ञाने एकच उत्तर पुढे ठेवून मान्यतेची वाट पाहू नये. प्रत्येक पर्यायात काय मिळते, काय सुटते आणि ते कोणाचे सुटते, हे ऐकणाऱ्याला समजेल अशा भाषेत मांडावे. निवड ज्यांची आहे, त्यांना ती करू द्यावी. हे मांडण्याचा सराव शाळेतच होतो. मातृभाषेत शिकलेल्या मुलाला अवघड गोष्ट घरच्या शब्दांत सांगता येते. पालकांनी ती सवय मोडू देऊ नये. पुढे हुद्दा कोणताही लाभो, तीच उपयोगी पडेल.