महाविद्यालयाचा कारभार आणि आपण



नाटे गावातून कला शाखेला जाणाऱ्या मुलाला विचारा, तुझा अभ्यासक्रम कोण ठरवतो? तो प्राचार्यांचे नाव सांगेल. पण स्वायत्त महाविद्यालये सोडली, तर तो अधिकार प्राचार्यांना नाही. आपल्या जिल्ह्यातील कला महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ तयार करते आणि तो विद्वत परिषदेपुढे जातो. बाबासाहेबांच्या मूळ गावी, आंबडवे येथे तर विद्यापीठाचे स्वतःचे महाविद्यालय आहे. तेथे संस्थाचालकही विद्यापीठच!

१८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ सुरुवातीला केवळ परीक्षा घेई, शिकवण्याचे काम महाविद्यालये करीत. ही फारकत बाबासाहेबांना मान्य नव्हती. १९२०च्या दशकात विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी मत मांडले की, पदवीचे आणि पदव्युत्तर शिक्षण तोडू नये, विद्यापीठ व महाविद्यालये बरोबरीच्या नात्याने भागीदार असावीत. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी अधिसभेवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मागितले. नुसत्या सवलतीवर ते थांबले नाहीत, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढून त्यांनी कारभारच हाती घेतला.

आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे अध्यक्ष तिचे प्रमुख, प्राचार्य सदस्य-सचिव. शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, चार स्थानिक सदस्य (त्यांत किमान एक माजी विद्यार्थी), तसेच विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिच्यावर असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. आपल्या महाविद्यालयात त्या होतात का, हे विद्यार्थ्यांनी लेखी विचारावे. विचारायला भीती कसली?

अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. त्यांत अनुसूचित जातींसाठी एक जागा राखीव आहे. मात्र पदवी मिळाली म्हणजे आपोआप मतदार होत नाही, विद्यापीठाकडे नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे पदवीधर घरोघरी झाले, नोंदणी मात्र राहून जाते. म्हणून आजच्या सभेनंतर पदवीधरांनी आपली नावे आणि पदवीचे वर्ष समितीच्या चिटणीसांकडे द्यावे. अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करू.