भुंगेरा, बुरशी आणि तहानलेले झाड



नंदुरबारातल्या या परिषदेत उभे राहून सूचिपर्णी जंगलांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे रास्त आहे. आपल्या सातपुड्यात साग आहे, सालई, धावडा, खैर, मोह आहे. देवदार किंवा चीड नाही. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खोड पोखरणाऱ्या किड्यांनी उभ्या जंगलांचे सर्वांत मोठे नुकसान केले ते सूचिपर्णी जंगलांत, आणि या किड्यांचा सर्वांत खोल अभ्यासही तिथेच झाला. त्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे येते. झाड मेले की आपण खोडातल्या भोकाकडे बोट दाखवतो, पण किडा एकटा क्वचितच झाड मारतो. त्याच्यासोबत बुरशी असते, आणि त्या दोघांना वाट करून देणारी परिस्थिती बहुतेक वेळा माणसाने घडवलेली असते. आपल्या आंब्याचे आणि डाळिंबाचे भवितव्य ठरवताना हा धडा लागू पडतो, एवढेच आज मला मांडायचे आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे उदाहरण घ्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे माउंटन पाइन बीटल नावाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंगेऱ्याची लाट आली आणि सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला तिची झळ बसली. हा भुंगेरा परका नव्हता. तिथल्या पाइन झाडांबरोबर तो हजारो वर्षे नांदत होता. मादी साल पोखरून आत शिरते आणि गंध सोडून इतरांना बोलावते. झाड राळ ओतून तिला बाहेर ढकलू पाहते. झाडाच्या अंगात पाणी असेल तर राळ पुरते, तहानलेले असेल तर पुरत नाही. भुंगेऱ्याच्या अंगावरच्या सूक्ष्म खाचांतून आलेली बुरशी मग लाकडात पसरते. लाकडाला निळसर काळी छटा येते आणि पाणी वर चढण्याच्या वाटा बंद होऊ लागतात. यातल्या एका बुरशीचा जनुकसंच तपासला, तेव्हा राळेतली विषारी द्रव्ये सोसण्याची आणि पचवण्याचीही सोय तिच्यात आढळली. एवढी जुनी जोडी असूनही प्रलय नेमका त्याच काळात का आला? पूर्वी उणे चाळीस अंशांच्या आसपास जाणारी कडाक्याची थंडी सालीखालच्या अळ्या मारत असे, ते हिवाळे सौम्य झाले. शिवाय वणवे विझवत राहिल्याने एकाच वयाची म्हातारी झाडे मैलोन्‌मैल उभी राहिली. किडा तोच राहिला, त्याच्या भोवतीचे सारे बदलले.

इथे एक शास्त्रीय आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. डायना सिक्स आणि मायकेल विंगफील्ड या शास्त्रज्ञांनी २०११ साली एका विस्तृत आढाव्यात असे मांडले की, बुरशी झाड मारायला मदत करते ही जुनी समजूत पुराव्याने नीट सिद्ध झालेली नाही. बुरशीचे मुख्य काम भुंगेऱ्याला आणि त्याच्या अळ्यांना पोसण्याचे असावे. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पण त्याने माझे म्हणणे पातळ होत नाही. लाकडात नत्र इतके कमी असते की बुरशीने ते गोळा करून दिले नाही, तर अनेक भुंगेऱ्यांची पिल्ले वाढणारच नाहीत. बुरशी मारेकरी असो वा अन्नदात्री, ती वगळून किड्याचा विचार करता येत नाही.

मध्य युरोपात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची कथा याच वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकापासून लाकडाच्या उत्पन्नासाठी तिथे सखल, उबदार भागांतही एकट्या स्प्रूसची लागवड झाली. २०१८ पासून लागोपाठ कोरडी वर्षे आली, तहानलेल्या झाडांत भुंगेरे शिरले आणि जर्मनी व चेकियात डोंगरच्या डोंगर तपकिरी झाले. सागाच्या सलग, एकजिनसी लागवडीकडे पाहताना मला हेच आठवते. साग हा आपल्या मातीतला आहे, स्प्रूसही युरोपचाच होता. झाड देशी आहे एवढ्याने ते सुरक्षित ठरत नाही. ते कुठे, कोणत्या पाण्यावर आणि कोणाच्या शेजारी उभे आहे, ते पाहावे लागते.

आता घराजवळ येऊ. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत, विशेषतः सांगोला-आटपाडी पट्ट्यात, मर रोग आणि खोडाला टाचणीएवढी भोके पाडणारे भुंगेरे यांनी डाळिंबाच्या बागा उपटायची पाळी आणली. हा जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा जवळून पाहण्यासारखा आहे. तो लाकूड खात नाही. मादी खोडात बोगदा कोरते, त्याचा भुसा बारीक शेवईसारखा बाहेर ढकलते आणि अंगातल्या एका पिशवीत जपून आणलेली बुरशी बोगद्याच्या भिंतींवर लावते. माहेरून विरजण घेऊन येणाऱ्या लेकीसारखी ती हे पीक सोबत आणते, आणि तिची पिल्ले तेवढ्यावरच वाढतात. बहुतेक पिल्ले माद्या असतात. थोड्या, उडता न येणाऱ्या नरांशी त्यांचे मीलन बोगद्यातच होते. म्हणजे लाकडाच्या एका ओंडक्यातून एक मादी आली, तरी नवी वसाहत उभी राहू शकते. अशा भुंगेऱ्यांना झाड कसे सापडते, तेही कळले आहे. मुळाशी पाणी साचून ती गुदमरली की झाडात मद्यार्क तयार होतो, तो सालीतून बाहेर पडतो आणि त्या वासावर भुंगेरे येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हाच मद्यार्क त्यांच्या शेतीतले तण, म्हणजे नको असलेल्या बुरश्या, दाबून धरतो. आजारी झाड हे त्यांच्यासाठी तयार वावर आहे.

म्हणून फवारणीचा प्रश्न. बागायतदार विचारतात की औषध असताना एवढी चर्चा कशाला? खोडाला गेरू, कीटकनाशक आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप देण्यावर माझा आक्षेप नाही. भुंगेरा शिरण्याआधी लावला तर तो उपयोगी आहे. पण एकदा मादी लाकडात गेली की फवारा तिथे पोहोचत नाही, आणि ती लाकूड खातच नसल्याने मुळावाटे दिलेल्या विषाचाही तिच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. चर काढून पाण्याचा निचरा करणे, बहर धरताना झाडाला झेपेल एवढाच ताण देणे, मेलेली फांदी बागेच्या कडेला पडू न देता जाळून टाकणे ही कामे कंटाळवाणी आहेत. माझ्या मते उपचाराचा मोठा भाग मात्र त्यांतच आहे. जंगलाला हा शेवटचा नियम तसाच लावू नये, एवढे इथे सांगून ठेवतो. तिथले वठलेले खोड सुतारपक्ष्याचे घर असते आणि मातीचे अन्नही. जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात भुंगेऱ्यांनी मारलेली झाडे तशीच राहू दिली, आणि त्यांच्याच खाली नवे जंगल आपोआप उगवले.

या जिल्ह्यासाठी मला सर्वांत जास्त काळजी आहे ती आंब्याची. धडगाव आणि मोलगीच्या डोंगरांत रायवळ आंब्याची झाडे आहेत, उन्हाळ्यात त्यांच्या कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर होतो आणि अनेक आदिवासी घरांना त्याचा आधार असतो. ओमानमध्ये १९९८च्या सुमारास आंब्याची झाडे अचानक वाळू लागली, पुढे पाकिस्तानातही तेच दिसले. सालीखाली राहणारा बारीक भुंगेरा आशियातलाच, आंब्याचा जुना सोबती. नवी होती ती सेराटोसिस्टिस कुळातली बुरशी. दोन्ही देशांतल्या नमुन्यांत जनुकीय फरक जवळजवळ सापडला नाही, म्हणजे ती अलीकडेच बाहेरून आलेली असणार. डाळिंबाची मर ज्या बुरशीमुळे होते, तीही याच कुळातली. उलट दिशेचा दाखलाही आहे. आपल्या आशियात मेलेल्या लाकडात निमूट राहणारा एक भुंगेरा २००२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात बंदराजवळ सापडला. त्याच्या बुरशीची ओळख नसलेली तिथली रेडबेची कोट्यवधी झाडे मेली, अॅव्होकॅडोच्या बागाही धोक्यात आल्या.

अशी जोडी प्रवास करते ती लाकडातून, आणि इथे पाइन नंदुरबारात येतो. कांडला बंदरात उतरणारा परदेशी पाइन, पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट यांची वाहतूक सुरत-धुळे महामार्गावरून नवापूरमार्गे चालते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार परदेशातून येणारे पॅकिंगचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा धुरी दिलेले असावे लागते, आणि त्यावर तसा शिक्का असतो. कोणी म्हणेल, हा शिक्का तपासत बसणे व्यापाराला अडथळा आहे. शिक्का पाहायला मात्र फार वेळ लागत नाही, आणि रायवळाचे एक जुने झाड परत उभे राहायला दोन पिढ्या जातात. दुसरा आक्षेप असा की दुष्काळ आणि तापमान आपल्या हातात नाही. मान्य; पण मिश्र जंगल, वेगवेगळ्या कोयींतून उगवलेला रायवळ आणि उतारावर अडवलेले पाणी आपल्या हातात आहे. रायवळाची विविधता हा इथला खरा विमा आहे. आमचुराच्या भावासाठी एकाच कलमाची सलग लागवड सुचवली गेली, तर या परिषदेने तिला विरोध करावा असे मी आग्रहाने सांगतो.

माझा ठोस प्रस्ताव असा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी आपल्या व्यवस्थापन आराखड्यात वाळणाऱ्या झाडांची नोंद घालावी: कोणते झाड, कोणत्या महिन्यात, बुंध्याशी भुसा दिसतो का, साल सोलल्यावर लाकूड काळे पडले आहे का, शेजारी पाणी साचते का. नोंदीचा कागद मराठीत असावा आणि पावरी व भिलीतही. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राने नमुने घ्यावेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भुंगेरा आणि बुरशी दोन्ही ओळखून उत्तर त्याच ग्रामसभेला कळवावे. सुरुवात धडगाव तालुक्यातून, येत्या पावसाळ्यानंतर करावी. हा ठराव उद्याच्या समारोपाच्या सत्रात चर्चेला घ्यावा, अशी संयोजकांना विनंती आहे.