हेगच्या न्यायपीठापुढे पुण्याचा तह



आंतरराष्ट्रीय कायद्याला विधिमंडळ नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निवाडाही केवळ वादातील पक्षांवर आणि त्या वादापुरताच बंधनकारक असतो. तरीही ते न्यायालय कायदा घडवते. कसा, हे दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात दिसते.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे प्रदेश स्वयंसेवकांनी मुक्त केले. दमणहून तेथे जाण्यास भारताने पोर्तुगीजांना वाट नाकारली. डिसेंबर १९५५ मध्ये सालाझारचे सरकार हेगला गेले आणि दाव्याचा आधार म्हणून त्याने १७७९ चा पुण्याचा तह पुढे केला! मराठ्यांनी त्या तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख नेमून दिला होता. न्यायालयाने तह व सनदा वाचल्या आणि म्हटले, हा महसुलाचा सरंजाम आहे, सार्वभौमत्वाचे दान नव्हे. मराठी दप्तराची ओळख असलेल्या कोणासही हे सांगावे लागले नसते.

पण पेशव्यांनी जे दिले नाही, ते इंग्रजांनी मान्य केले, आणि तेवढ्यावर पोर्तुगालचे सार्वभौमत्व उभे राहिले. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात न्यायालय आणखी पुढे गेले. केवळ दोन राज्यांमध्येही रूढी निर्माण होऊ शकते आणि ती कायदा ठरते, असे त्याने सांगितले. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीमुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क मिळाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नाकारला गेला, तोही आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने वाट अडवून कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

भारत सुटला. पण ही वहिवाट कोणाची? दोन साम्राज्यांची. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांना ती कोणी विचारली नव्हती, आणि रूढी सिद्ध करताना त्यांची संमती हा मुद्दाच नव्हता.

पुढे दृष्टी बदलली, हे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये नामिबियाविषयी मत देताना न्यायालयाने स्वयंनिर्णयाचे तत्त्व स्वीकारले. २०१९ मध्ये चागोस बेटे मॉरिशसपासून तोडणे बेकायदा असल्याचे मत तेरा विरुद्ध एक असे दिले. ते सल्लागार मत होते, हे खरे. त्या सुनावणीत, बेटांवरून हाकलल्या गेलेल्या एका स्त्रीचे ध्वनिचित्रमुद्रित निवेदन ऐकवले गेले. पण तेही मॉरिशसच्या बाजूने, कारण न्यायपीठापुढे उभे राहण्याचा अधिकार तिला स्वतःला नव्हता.