सुट्टीतले सहा आठवडे कारखान्यात

शिरूर तालुक्यातलं रांजणगाव महागणपतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा मोठ्या कंपन्या आहेत, तर दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने. तंत्रनिकेतनच्या पदविकेच्या ‘आय’ अभ्यासक्रमाने चौथ्या सत्रानंतरच्या सुट्टीत अशा कारखान्यांमधलं 6 आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, ते फार चांगलं झालं.

फ्रिजच्या कारखान्यात काय दिसतं? बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर यांच्यामधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम भरतात. तो फुगून घट्ट होतो आणि बाहेरची उष्णता अडवतो. पुढे नळ्यांमधली हवा काढून थंडावा देणारा वायू भरतात, गळती तपासतात. पुस्तकातलं ‘उष्णतारोधक’ हे एका ओळीचं प्रकरण तिथे डोळ्यांसमोर घडतं. असेंब्ली लाइनवर प्रत्येक कामाला ठरावीक सेकंद. एक माणूस अडला की मागचे सगळे थांबतात. ही शिस्त वर्गात शिकवता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

रासायनिक कारखान्यात सुरुवात सुरक्षिततेपासून होते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आधी ओळखायची. वायूगळती झाली, तर वाऱ्याला आडवं होत बाहेर पडायचं.

आणि पैशांचं? शिकाऊ उमेदवारांना 1961च्या कायद्याने विद्यावेतन मिळतं. सुट्टीतलं प्रशिक्षण हे त्या शिकाऊ उमेदवारीहून वेगळं. शेतकरी घरातल्या मुलांना रोजचं बसभाडंही जड जातं, म्हणून विद्यावेतन, बस आणि जेवणाची सोय रुजू होण्याआधीच विचारा. त्यात संकोच कसला?