मदतीचे मूल्यमापन आणि मुलांचा शब्द



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. त्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. मराठवाड्यातील सेवाकार्याचा तो एक उज्ज्वल अध्याय होय.

आज नांदेड-लातूर भागात संकटग्रस्त कुटुंबांना शिष्यवृत्ती, वसतिगृह, औषधोपचार अशा अनेक मार्गांनी साहाय्य होते. वर्षअखेरीस हिशेब तपासला जातो, अहवाल छापला जातो. परंतु ज्याच्या नावाने ही मदत दिली जाते, त्या मुलाला कोणी विचारते काय?

मुलाला दिसणारी बाजू निराळी असते. वह्या मिळतात, पण शाळा सुरू होऊन महिना लोटल्यावर. शुल्क भरले जाते, पण व्यासपीठावर बोलावून छायाचित्र काढले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली जाते. ताळेबंदात या गोष्टींची नोंद नसते. सत्याला अनेक बाजू असतात, हे अनेकांताचे तत्त्व मानणाऱ्या समाजाने ही बाजूही ऐकली पाहिजे.

भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील १२ वे कलम मुलांच्या मताला त्यांचे वय व समज पाहून महत्त्व देण्यास सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्येही सहभागाचे तत्त्व आहे. त्याखालील नियमांनुसार बालगृहांत मुलांच्या समित्या आणि सूचनापेटी असणे अपेक्षित आहे. ही पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या निवासाजवळ ठेवावी, असा संकेत आहे. त्यामागील विचार मार्मिक आहे. मदत बंद होईल, या भीतीच्या सावलीत खरे बोलणे मुलांना कठीण जाते.

म्हणून विश्वस्त संस्थांनी काही पथ्ये पाळावीत. मदत मंजूर करणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारू नयेत. उत्तरावर नाव नसावे. उत्तर न देण्याची मोकळीक असावी. लहानग्यांना चित्रांतून, तर किशोरांना गटचर्चेतून व्यक्त होऊ द्यावे. प्रश्नावली तयार करतानाच मोठ्या मुलांना सोबत घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणती सूचना स्वीकारली आणि कोणती का स्वीकारता आली नाही, हे त्यांना परत जाऊन सांगावे. केवळ विचारून विसरणे हे न विचारण्याहून अधिक दुखावणारे असते.

दानाची रक्कम दात्याला ठाऊक असते. त्या दानाने मान राखला की नाही, हे मात्र घेणाऱ्यालाच ठाऊक असते. सुवर्णमहोत्सवी वर्षात या बालकांचा शब्द विश्वस्त मंडळाच्या बैठकीपर्यंत पोहोचावा, हीच सदिच्छा.